तास पस्तीस मिनिटांचा, टॅब दहा

वर्गात व्हिडिओ गेम वापरण्याबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं. बहुतेक पत्रं जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांची आहेत, काही पालकांची आणि एक अमेरिकेतल्या मराठी शाळेचं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : तिसरी-चौथीसाठी गणिताचा गेम हवा आहे. प्ले स्टोअरवर शोधलं की शेकडो निघतात आणि सगळ्यांवर ‘एज्युकेशनल’ लिहिलेलं असतं. भरपूर स्टार मिळालेला एक घेतला, तर दर दोन मिनिटांनी जाहिरात. निवड करायची कशी?
— वर्गशिक्षिका, संगमनेर

बाई, स्टार बाजूला ठेवा. गेम उघडून एकच गोष्ट बघा : जिंकण्यासाठी मुलाला नेमका कसला विचार करावा लागतो?

बाजारातले बरेचसे ‘गणिताचे गेम’ एकाच साच्यातले असतात. माकड उड्या मारत केळी गोळा करतं, मध्येच पडद्यावर ‘सात गुणिले आठ किती’ येतं, उत्तर दिलं की माकड पुन्हा पळायला मोकळं. इथे गणित म्हणजे टोलनाका. मुलाचं सगळं लक्ष नाका कधी ओलांडतो याकडे असतं. याउलट खेळण्याची क्रियाच गणिताची असेल, तर खेळात रमणं आणि गणितात रमणं एकच होतं. इंग्लंडमध्ये हॅबगूड आणि एन्सवर्थ या संशोधकांनी ‘झॉम्बी डिव्हिजन’ नावाचा गेम घेऊन हा फरक तपासला आणि २०११ साली निष्कर्ष मांडले. गेममध्ये सांगाड्यांच्या छातीवर संख्या असतात. ज्या संख्येने निःशेष भाग जातो, तेच हत्यार त्या सांगाड्यावर चालतं. याच गेमची दुसरी आवृत्ती त्यांनी केली. तिच्यात लढाईत संख्याच नव्हत्या, तीच गणितं दोन टप्प्यांच्या मध्ये प्रश्नमंजुषेसारखी विचारली. सारखाच वेळ खेळूनही पहिल्या आवृत्तीवरची मुलं जास्त शिकली. आणि कुठली खेळायची ते मुलांवर सोडलं, तेव्हा पहिल्या आवृत्तीवर त्यांनी सुमारे सातपट वेळ घालवला.

वर्गात नेण्याआधी स्वतः वीस मिनिटं काढा आणि गेम तीन प्रकारे खेळा. आधी नीट, जिंकायच्या इराद्याने. मग काहीही न वाचता सगळीकडे बोट मारत सुटा. चार पर्याय आणि चुकल्याला काही तोटा नाही, असा गेम असेल तर चौथ्या टिचकीपर्यंत उत्तर बरोबर येणारच. ही पळवाट वर्गातल्या मुलांना तीन मिनिटांत सापडते आणि पाचव्या मिनिटाला ती सगळ्या वर्गाला माहीत असते. तिसऱ्या वेळी तुमच्या मुलांच्या नेहमीच्या चुका मुद्दाम करा. ४२ वजा १७ ला ३५ लिहा, म्हणजे एककात लहानातून मोठा जात नाही म्हणून उलटं वजा करणारं मूल करतं तसंच. गेम नुसतं ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो, की त्या उत्तराने काय बिघडलं ते दाखवतो? पूल तोकडा पडला, तराजू कलला, पाणी सांडलं असं काही घडत असेल तर तो गेम ठेवा.

शेवटी टॅब एअरप्लेन मोडवर टाकून गेम पुन्हा उघडा. नेटशिवाय उघडत नसेल तर तुमच्या वर्गात तो आठवड्यातून दोनदा अडणार. प्ले स्टोअरवर नावाखालीच ‘जाहिराती आहेत’, ‘अ‍ॅपमधील खरेदी’ असं लिहिलेलं असतं, तेही बघा. ‘तीन वर्षांवरील’ या शिक्क्याचा अर्थ एवढाच की त्यात मारहाण-शिवीगाळ नाही. त्यातून काही शिकायला मिळेल असं तो शिक्का सांगत नाही.

सुरुवात ‘जीकॉम्प्री’पासून करा. २००० सालापासून चालत आलेला हा मुक्त प्रकल्प आहे. फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स तिन्हींवर चालतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त उपक्रम त्यात आहेत. नेमकी हीच त्याची अडचणही आहे. सगळा मेनू मुलांपुढे टाकला तर तास मेनू चाळण्यात जातो. तिसरीला वजनं ठेवून तराजू समतोल करायचा उपक्रम द्या, तोच आठवडाभर द्या, आणि अवघडपणाच्या तारका वाढवत न्या.

प्रश्न : दुसरी-तिसरीला ‘टक्समॅथ’ देतो. तोंडी पाढे घडाघडा म्हणणारी मुलंही त्यात चुकतात. हळू लिहिणारी मुलं तर उल्का पडायला लागल्या की रडकुंडीला येतात. गेम बंद करावा का?
— उपशिक्षक, पंढरपूर

बंद करू नका. आधी चूक कुठली आहे ते ओळखा. ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी : वरून उल्का पडतात, प्रत्येकीवर एक गणित असतं, उत्तर टंकून एंटर दाबलं की उल्का फुटते, नाही तर खालचं पेंग्विनचं बर्फाचं घर मोडतं.

मराठी माध्यमातल्या मुलांची इथे दोन ठिकाणी वेगळीच फसगत होते, आणि तिचा गणिताशी काही संबंध नसतो. पहिली, संख्यानामाची. आपण ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि चाळीस नंतर. मूल मनात ‘त्रेचाळीस’ म्हणतं, बोट आधी तीनवर जातं, मग चारवर, आणि पडद्यावर चौतीस उमटतात. उत्तर बरोबर होतं, उल्का मात्र फुटत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली आणि तिच्यावर मोठा वाद झाला, तो याच अडचणीभोवतीचा होता. दुसरी फसगत अंकांच्या चेहऱ्यांची. मराठीतला एक आणि इंग्रजीतला नऊ, मराठीतला चार आणि इंग्रजीतला आठ घाईत सारखे दिसतात. गेममध्ये सगळे अंक इंग्रजी, आणि मुलाच्या वहीत देवनागरी.

उपाय साधे आहेत. पडद्याच्या खालच्या कडेला शून्य ते नऊ अंकांची पट्टी चिकटवा, वर इंग्रजी अंक आणि त्याच्या बरोबर खाली मराठी. गेम लावण्याआधी दोन दिवस, रोज पाच मिनिटं, नुसती ‘ऐका आणि टंका’ कसरत घ्या : तुम्ही ‘सदुसष्ट’ म्हणायचं, मुलांनी टंकायच्या आधी ‘सहा दशक सात एकक’ असं ओठांतल्या ओठांत म्हणायचं. चूक उलट्या अंकांची आहे की पाढ्याची, हे पाहायला मुलामागे उभं राहून दहा उत्तरं टिपून घ्या. ५६ च्या जागी ६५ येत असेल तर संख्यानाम, ५४ येत असेल तर पाढा.

वेगाचं म्हणाल, तर जे मूल अजून बोटांवर मोजतंय त्याला वेळेचा गेम देऊच नका. उल्का येताना पाहिली की ते मोजणं सोडून अंदाज मारायला लागतं, आणि तीच सवय लागते. वेग हा माहीत असलेल्या पाढ्याला धार लावण्यासाठी. नवा पाढा शिकण्यासाठी नाही. टक्समॅथच्या मेनूत सरावाचे पायरी-पायरीचे पाठ आहेत, तिथून नुसत्या अंक टंकण्याच्या पाठापासून सुरू करा. एका बैठकीला आठ ते दहा मिनिटं पुरेत. ‘कहूट’ ही ऑनलाइन प्रश्नमंजुषा वापरणाऱ्यांनाही हेच सांगणं : प्रश्नाला वीस सेकंदांची मर्यादा आपोआप पडते, ती हाताने साठ किंवा नव्वद करा. लवकर उत्तराला जास्त गुण असल्यामुळे वाचायला वेळ घेणारं मूल तिसऱ्या प्रश्नानंतर प्रयत्न करणंच सोडतं.

प्रश्न : पट बेचाळीस. शाळेत एक टीव्ही आणि एक लॅपटॉप. टॅब मिळण्याची आशा नाही. काही करता येईल का?
— विज्ञान शिक्षक, सुरगाणा

येईल. सर, एका पडद्यावर सगळ्या वर्गाचा गेम कितीदा तरी जास्त शिकवून जातो, कारण चर्चा टाळताच येत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प २००२ साली नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, फुकट आहेत, बरीच मराठीतही आहेत, आणि एकेक फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर नेली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते.

तरफेसाठी ‘बॅलन्सिंग अ‍ॅक्ट’ घ्या. फळीखालचे आधार तसेच राहू द्या, म्हणजे फळी हलणार नाही. डावीकडे मध्यापासून १ मीटरवर २० किलोच्या विटा ठेवा. विचारा, उजवीकडे १० किलो कुठे ठेवू? आता कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने पाटीवर अंतर लिहायचं आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर एकदम पाट्या वर करायच्या. वेगवेगळी उत्तरं असलेल्या दोघांना उभं करा, दोघांनी आपापलं कारण सांगायचं. ज्याला मत बदलायचं आहे त्याने पाटी पुसून पुन्हा लिहायचं. मगच आधार काढा. १० किलो २ मीटरवर समतोल होतात, हे दिसल्यावर पुढचं : डावीकडे १५ किलो १ मीटरवर, उजवीकडे १० किलो. निम्मा वर्ग पुन्हा २ मीटर म्हणेल, कारण त्यांनी ‘दुप्पट’ पाठ केलं, गुणाकार नाही पाहिला. उत्तर दीड मीटर आहे, आणि इथेच तासाचा खरा भाग सुरू होतो. अशा पाच-सहा फेऱ्या एका तासात होतात. त्याच सिम्युलेशनमध्ये ‘गेम’ असा भाग आहे, तो दुसऱ्या दिवशी दोन गटांत लावा.

इथे बिघडतं ते एकाच गोष्टीने. शिक्षक उत्सुकतेने आधार आधी काढतात. फळी एकदा कलली की अंदाजाला अर्थ राहत नाही. पहिल्या बाकावरून कुणी उत्तर ओरडलं तरी तेच होतं. म्हणून ती फेरी रद्द करून आकडे बदला.

पाट्यांऐवजी ‘प्लिकर्स’चे कागदी पत्तेही चालतात. प्रत्येक मुलाला त्याच्या क्रमांकाचा पत्ता, चार बाजू म्हणजे चार पर्याय, हवी ती बाजू वर धरायची आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. चाळीस पत्त्यांचा नेहमीचा संच फुकट छापता येतो. तुमचा पट बेचाळीस आहे, तर मोठा संच छापा किंवा दोन जोड्यांना एकेक पत्ता द्या. पत्ते जाड कागदावर छापा, चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेरा वाचत नाही. मुलांचा अंगठा काळ्या आकृतीवर येतो, त्यासाठी कडेला बोटभर पांढरी जागा सोडा. फोनला नेट लागतं, तेवढं गृहीत धरा.

प्रश्न : दहा टॅब आहेत, मुलं अडतीस, तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येक वेळी अर्धा तास गोंधळातच जातो.
— मुख्याध्यापिका, मानगाव

आठ गट चौघांचे आणि दोन गट तिघांचे करा, अडतीस होतात. एका टॅबवर चार जण म्हणजे एक खेळतो आणि तिघे ‘मला दे’ करतात, हे टाळायचं तर चौघांनाही काम हवं. एकाचे हात : पडद्याला फक्त तोच हात लावणार. एकाचा आवाज : पडद्यावरचं मोठ्याने वाचणार. एकाची वही : काय केलं, काय झालं ते लिहिणार. आणि चौथ्याची शंका : प्रत्येक चालीआधी ‘का?’ असं विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हातवाल्याने पडद्याला शिवायचं नाही. तिघांच्या गटात शंका आणि वही एकाकडे. दर पाच मिनिटांनी घंटा, भूमिका उजवीकडे सरकतात. वीस मिनिटांत प्रत्येकाला चारही मिळतात.

पस्तीस मिनिटांचा हिशेब असा : चार मिनिटं आजचं काम सांगायला, टॅब अजून कपाटातच. वीस मिनिटं खेळ. मग टॅब पालथे. पुढची नऊ मिनिटं वह्या उघडून बोलायचं : कुठे अडलात, कशाने सुटलं, हे पुस्तकातल्या कुठल्या उदाहरणासारखं आहे? शेवटची दोन आवरायला. वेळ कमी पडला तर खेळातला कापा, त्या नऊ मिनिटांना हात लावू नका. गेममध्ये मूल जे करतं त्याला नाव या नऊ मिनिटांतच मिळतं.

गोंधळ मात्र बहुतेक वेळा तासाच्या आधीच ठरलेला असतो. आदल्या दिवशी एवढं करा : टॅबवर आणि त्याच्या चार्जरवर एकच क्रमांक रंगवा, प्रत्येक गटाचा टॅब कायमचा ठरवा. आवाज बंद, एअरप्लेन मोड चालू, प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट बंद. सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीत ‘अ‍ॅप पिनिंग’ असतं (काही कंपन्या त्याला स्क्रीन पिनिंग म्हणतात), ते लावलं की मुलांना गेममधून बाहेर पडून यूट्यूब उघडता येत नाही. बाहेर पडताना पिन मागेल असंही ठरवा, नाही तर दोन बटणं एकत्र दाबायची युक्ती लगेच पसरते.

चार्जिंगबद्दल दोन शब्द. दहा वॅटचे दहा चार्जर म्हणजे सगळे मिळून शंभर वॅट, एका पंख्याहून फार जास्त नाही. त्यामुळे भार पडेल ही भीती नको. भीती उष्णतेची आणि ढिल्या पिनांची. बंद कपाटात, एकावर एक रचलेले टॅब रात्रभर चार्जिंगला लावू नका. आणि मे महिन्याच्या सुटीत टॅब शून्यावर ठेवून गेलात तर जूनमध्ये दोन-तीन उठणारच नाहीत. निम्म्या चार्जवर बंद करून ठेवा, महिन्यातून एकदा कुणी तरी येऊन भर घालावी. मागचं झाकण फुगलेला टॅब दाबून बसवायचा नाही आणि चार्जिंगला तर लावायचाच नाही.

प्रश्न : मुलं घरी माइनक्राफ्टबद्दल बोलत असतात. पाचवी-सहावीला क्षेत्रफळ-परिमितीसाठी तसलं काही वापरता येईल का? शाळेकडे परवान्यांसाठी पैसे नाहीत.
— गणित शिक्षक, कागल

माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळे रचून जग उभारायचा गेम. त्याच्या शालेय आवृत्तीला प्रत्येक मुलाचं शाळेचं मायक्रोसॉफ्ट खातं आणि परवाना लागतो. त्याऐवजी ‘लुआंटी’ घ्या. २०२४ पर्यंत त्याचं नाव ‘माइनटेस्ट’ होतं. मुक्त, फुकट, जुन्या संगणकावरही चालतं, अँड्रॉइडवरही आहे. त्यातला एक ठोकळा म्हणजे एक मीटर बाजूचा घन, आणि हेच आपल्याला हवं आहे.

मांडणी अशी. साधा वायफाय राउटर, त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं. एका लॅपटॉपवर नवं जग तयार करा, जमिनीचा प्रकार ‘फ्लॅट’ निवडा, म्हणजे डोंगर-गुहांत कुणी हरवणार नाही. ‘क्रिएटिव्ह मोड’ लावा, ‘डॅमेज’ काढा, ‘होस्ट सर्व्हर’वर खूण करून सुरू करा. बाकीची यंत्रं ‘जॉइन गेम’मध्ये त्या लॅपटॉपचा स्थानिक (आयपी) पत्ता आणि पोर्ट ३०००० टाकून आत येतात. सगळीकडे आवृत्ती एकच हवी. नव्या आवृत्त्यांत मूळचा ‘माइनटेस्ट गेम’ सोबत येत नाही, तो आतल्या कॉन्टेंट विभागातून एकदा नेट लावून उतरवावा लागतो. शाळेत पोहोचल्यावर हे लक्षात आलं तर त्या दिवशीचा तास गेला.

नेमकं अडतं कुठे : कुणालाच आत येता येत नसेल तर विंडोजच्या फायरवॉलने अडवलेलं असतं, पहिल्यांदा विचारतं तेव्हा ‘प्रायव्हेट नेटवर्क’ला परवानगी द्या. पंधरा जण आले आणि सोळावा अडकला, तर सेटिंग्जमध्ये जास्तीत जास्त खेळाडूंची मर्यादा मुळातच १५ असते, ती वाढवा. यंत्र रखडत असेल तर दिसण्याचं अंतर कमी करून ५० वर आणा. आणि मुलं लिहून भांडायला लागली तर त्यांच्याकडून ‘शाउट’ हा हक्क काढून घ्या, चॅट थांबतं, खेळ चालू राहतो.

आता गणित. काम द्या : चोवीस मीटर परिमितीचं आयताकृती अंगण आखा, त्यात फरशी घाला, सर्वांत जास्त फरश्या कुणाच्या अंगणात? मुलं १ × ११ पासून सुरुवात करतात, अकरा फरश्या. मग २ × १० च्या वीस, ३ × ९ च्या सत्तावीस, ४ × ८ च्या बत्तीस, ५ × ७ च्या पस्तीस, ६ × ६ च्या छत्तीस. परिमिती तीच, क्षेत्रफळ तिपटीहून जास्त. हे कागदावरही दाखवता येतं. पण गेममध्ये एक गोष्ट हमखास घडते, ती कागदावर घडत नाही.

एक गट येऊन म्हणेल, ‘सर, सहा बाय सहाची परिमिती वीसच येते.’ त्यांनी कडेचे ठोकळे मोजलेले असतात, आणि ते खरंच वीस आहेत. दुसऱ्या गटाने अंगणाबाहेरून कुंपण घातलेलं असतं, त्यांचे अठ्ठावीस होतात. पुस्तक म्हणतं चोवीस. तिन्ही आकडे बरोबर मोजलेले आहेत. हा क्षण घाईने मिटवू नका. पात्राला अंगणाच्या कोपऱ्यावर उभं करा आणि कडेने चालवा. कोपऱ्यातल्या ठोकळ्याच्या किती बाजू बाहेर उघड्या आहेत? दोन. मग तो एक ठोकळा परिमितीत दोन मीटर देतो, मोजताना मात्र एकदाच मोजला जातो. असे चार कोपरे, म्हणून वीस अधिक चार. बाहेरच्या कुंपणात उलट : कोपऱ्यातले चार ठोकळे अंगणाच्या कडेला लागतच नाहीत, म्हणून अठ्ठावीस वजा चार. परिमिती म्हणजे ठोकळ्यांची संख्या नव्हे, कडेची लांबी. वहीत वर्षानुवर्षं ‘दोन गुणिले लांबी अधिक रुंदी’ लिहूनही जे कळलेलं नसतं, ते इथे कोपऱ्यात उभं राहिल्यावर कळतं. पुढच्या तासाला ५ × ७ वर तेच करून पाहायला सांगा : कडेचे वीस, बाहेरचे अठ्ठावीस, पुन्हा तेच. आता ‘नेहमीच चारचा फरक का?’ हा प्रश्न मुलांचा स्वतःचा होतो.

प्रश्न : आमची शनिवारची मराठी शाळा आहे. मुलं बारा-चौदा वर्षांची, मराठी समजते पण बोलत नाहीत. मराठीतला गेम सुचवाल?
— स्वयंसेवक शिक्षिका, न्यू जर्सी

ताई, गेम मराठीत असायलाच हवा असं नाही, खेळताना मराठी बोलावी लागेल असा हवा. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ हा २०१५ चा गेम बघा. एकालाच पडदा दिसतो, त्यावर निकामी करायचं यंत्र असतं. बाकीच्यांकडे फक्त छापील माहितीपुस्तिका. पडदा पाहणाऱ्याने वर्णन करायचं, पुस्तिकावाल्यांनी नियम शोधून सांगायचा. त्यामुळे एका गटाला गेमची एकच प्रत पुरते आणि पुस्तिका फुकट छापता येते.

त्यातलं तारांचं पान तुम्हीच मराठीत उतरवून द्या : ‘तारा तीन असतील आणि त्यांत लाल एकही नसेल, तर दुसरी काप. नाही तर, शेवटची पांढरी असेल तर शेवटची काप. नाही तर, निळ्या एकाहून जास्त असतील तर शेवटची निळी काप. यातलं काहीच नसेल तर शेवटची काप.’ जर-तर, पहिली-दुसरी, काप-कापू नको, हे सगळं मुलं घड्याळाच्या धाकाने भराभर बोलतात. इंग्रजी शब्द आला की दहा सेकंद गप्प, एवढाच नियम ठेवा. एक काळजी : गेममधलं यंत्र म्हणजे बॉम्ब आहे. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या इमारतीत हा शब्द मोठ्याने नको, पालकांना आधी सांगा आणि तुमच्या पुस्तिकेत त्याला ‘पेटी’ म्हणा.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. शाळेत गेम खेळवतात, त्यासाठी त्याचं नाव आणि ई-मेल मागितला. द्यावा का? ऑनलाइन गेमवर बंदी आली असंही ऐकलं.
— पालक, पर्वरी

बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर, २०२५ च्या कायद्याने. शिकण्यासाठीचे गेम त्यात येत नाहीत. माहितीबद्दल मात्र तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि बालकाची माहिती घ्यायला पालकांची संमती हा मूळ नियम आहे. शाळेला लेखी विचारा : कुठला गेम, कुठली माहिती, खातं बंद कोण करणार? वर सांगितलेल्या जीकॉम्प्री, टक्समॅथ, फेट यांना खातंच लागत नाही. कहूटला मुलांकडून पिन आणि टोपणनाव पुरतं, तिथे हजेरी क्रमांक लिहावा.

प्रश्न : मुलं गेममध्ये सगळे टप्पे पार करतात, चाचणीत मात्र गुण तेवढेच. मग शिकली की नाही?
— गणित शिक्षिका, बार्शी

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. ‘ड्रॅगनबॉक्स’चं उदाहरण घ्या. २०१२ साली नॉर्वेत निघालेला हा बीजगणिताचा गेम. पत्त्यांवर चित्रविचित्र प्राणी असतात, पेटी, म्हणजे अज्ञात संख्या, एका बाजूला एकटी उरेल असं करायचं. एका बाजूला पत्ता टाकला की दुसऱ्या बाजूलाही टाकावा लागतो. हळूहळू प्राण्यांच्या जागी अक्षरं येतात आणि मूल समीकरण सोडवत असतं. कल्पना सुंदर आहे. पण अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात लाँग आणि अलेव्हन यांनी तो एका शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरशी ताडून पाहिला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. गेम खेळणाऱ्यांनी जास्त उदाहरणं सोडवली, त्यांना मजाही जास्त आली. नंतरच्या कागदी चाचणीत मात्र दुसरा गट पुढे होता. पत्ता सरकवणं जमलं म्हणून ‘दोन्ही बाजूंतून तीन वजा’ हे लिहिणं आपोआप जमत नाही. ती सांगड शिक्षकालाच घालावी लागते.

म्हणून सहा प्रश्नांची अर्ध्या पानाची चाचणी करा आणि गेमच्या आधी एकदा, खेळ संपल्यावर आठवड्याने एकदा, तीच आकडे बदलून घ्या. पहिले दोन प्रश्न गेममधल्या चित्रांचे, पडदा कागदावर काढल्यासारखे. पुढचे दोन नुसत्या समीकरणांचे. शेवटचे दोन शाब्दिक : ‘एका टोपलीत काही आंबे होते, सात विकले, अठरा उरले.’ गुणांची बेरीज करू नका, जोडी-जोडीने बघा. फक्त पहिली जोडी सुधारली, तर मुलं गेम शिकली आहेत. पुढचे दोन तास गेम बंद ठेवून प्रत्येक चालीशेजारी वहीत तिचं समीकरण लिहून घ्या. दुसरी जोडी सुधारली आणि तिसरी कोरी राहिली, तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे. तिथे अजून टप्पे खेळवून उपयोग नाही, शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून त्यातली पेटी कुठली, हे मुलांना बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि पहिली जोडीही सुधारली नसेल, तर गट पाहा : टॅब चौघांत एकाच्याच हातात राहिला होता.